शेती आपली नाही, हे ठरवलं कोणी?

गोडदेवात आज कुणी शेत दाखवायला सांगितलं तर पंचाईत होईल. गोडदेव, नवघर, खारी ही एकेकाळची वेगवेगळी गावं. १९८५ मध्ये मिरा-भाईंदर नगरपालिका झाली, २००२ मध्ये महापालिका. भाताच्या खाचरांवर आधी चाळी आल्या, मग सात मजली इमारती. जुन्या आगरी घरांतल्या म्हाताऱ्यांना बांध, खाचर, उघाडी हे शब्द अजून तोंडपाठ आहेत. त्यांच्या शेजारी भाड्यानं राहणाऱ्या आपल्या मुलांना ते शब्द परके वाटतात.

मी दर रविवारी इथल्या मुलामुलींना प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला मदत करते. फार्मसी, बीएमएस, आयटी, बी.एड., हल्ली एमपीएससी. कृषी असं अजून एकानंही लिहिलेलं नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "आपा, आपल्याकडे सातबारा कुठंय?"

या उत्तरात दोन गैरसमज आहेत. एक, शेतीचं शिक्षण फक्त शेतकऱ्याच्या मुलासाठी असतं. दोन, मुसलमानांचा शेतीशी संबंध नाही. महाराष्ट्रातले ७० टक्क्यांच्या आसपास मुसलमान शहरांत राहतात, हे खरं. पण शहरात राहून ते करतात काय? बागवान फळं-भाजी विकतात, कुरेशी जनावरांचा व्यवहार करतात, वाशीच्या बाजारात हमालीपासून आडतीपर्यंत आपली माणसं आहेत. कोकणी मुसलमानांच्या तर गावोगाव जमिनी आहेत, पडीक असल्या तरी. शेतातून ताटापर्यंत जाणाऱ्या साखळीत आपण जागोजागी आहोत. भाव कसा ठरावा, कायदा कसा असावा, पाणी कुणाला मिळावं, हे जिथे ठरतं त्या टेबलावर मात्र आपण नसल्यात जमा आहोत. आंतरराष्ट्रीय कृषी विकास हा पदव्युत्तर विषय मला याच कारणासाठी महत्त्वाचा वाटतो.

नाव भारदस्त आहे, पण विषय समजायला सोपा आहे. माती, पीक, पाणी आणि जनावरं यांचं विज्ञान, त्याच्या जोडीला बाजार, कर्ज, स्थलांतर, बाईचं शेतातलं काम, आणि हे सगळं एकाहून अधिक देशांत जाऊन पाहायचं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात याच नावाची मास्टर्स पदवी आहे. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनमध्ये आणि जर्मनीत होहेनहाइम, गॉटिंगेन इथे जवळचे अभ्यासक्रम आहेत. त्यातल्या काहींना बी.एस्सी. अ‍ॅग्री लागतं. काहींना अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र किंवा जीवशास्त्राची पदवी चालते. म्हणजे मिरा रोडच्या कॉलेजातून अर्थशास्त्रात बी.ए. करणाऱ्या मुलीलाही हा रस्ता बंद नाही.

आणि हा रस्ता मराठी माणसाला नवा नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे इंग्रजांच्या काळात अमेरिकेत गेले, ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या कॉलेजांत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत पडले, पहिल्या महायुद्धात इराणपर्यंत जाऊन लढले. हिंदुस्थानात परतणं अशक्य झालं तेव्हा १९२४ मध्ये ते मेक्सिकोत गेले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मक्यावर, गव्हावर काम केलं. गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरानं मेक्सिको सिटीतल्या सरकारी इमारतीच्या भिंतीवर त्यांना भाकरी वाटणाऱ्या माणसाच्या रूपात रंगवलं. १९६६ मध्ये भारतानं मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं. खानखोजे तेव्हा नागपुरात होते, पुढच्याच वर्षी वारले. त्यांच्या नावाचा धडा मला शाळेत कधी शिकवला गेला नाही. तुम्हाला शिकवला असेल तर तुमची शाळा चांगली होती.

खानखोजे ज्यांना शिकवत होते ते मेक्सिकोचे शेतकरी होते. त्यांच्या शेताचं दुखणं विदर्भातल्या शेतापेक्षा फार वेगळं नव्हतं, म्हणूनच हे ज्ञान एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ शकलं. या विषयातल्या 'आंतरराष्ट्रीय' शब्दाचा मी असा अर्थ घेते. गोऱ्यांनी येऊन आपल्याला शिकवणं हा त्याचा अर्थ नव्हे.

आता आपल्या दारातलंच उदाहरण घ्या. आमच्या शेजारच्या गावाचं नावच खारी आहे. भाईंदरच्या खाडीकाठी मिठागरं होती, त्यांच्या खुणा अजून दिसतात. ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत कोकणात खाडीला लागून खारजमीन आहे. समुद्राच्या भरतीचं पाणी बांध घालून अडवायचं, उघाडीतून पावसाचं गोडं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं, पावसानं जमिनीतला खार धुतला की भात लावायचा. हे तंत्र शेकडो वर्षांचं आहे. बांधाला खांड पडली आणि वेळेवर बुजवली नाही की खारं पाणी आत शिरतं, दोन-चार वर्षांत कांदळवन उगवतं. कांदळवन तोडायला २०१८ मध्ये उच्च न्यायालयानं राज्यभर बंदी घातली, आणि ती योग्यच आहे, कारण किनारा त्याच झाडांनी धरून ठेवलाय. पण ज्या घराची तीन एकर जमीन त्याखाली गेली त्याचं काय? बाणकोट, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धनकडच्या कितीतरी मुसलमान घरांना हा प्रश्न ठाऊक आहे. कर्ते पुरुष कुवेतला, बांध बांधायला गावात माणूस नाही, आणि एका मोठ्या भरतीनं भात गेला तो गेलाच.

अगदी हाच प्रश्न बांगलादेशच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे, व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यात आहे, केरळच्या पोक्काळी भातशेतीत आहे. डच लोकांनी तर समुद्र अडवूनच देश उभा केला. पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. तिथून खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या भाताच्या जाती निघाल्या. गोडदेवपासून पनवेल लोकलनं दोन-अडीच तासांवर. आणि दुबईत, जिथे आपल्या निम्म्या नातेवाइकांचे पत्ते आहेत, तिथे १९९९ पासून खाऱ्या पाण्यावरच्या शेतीचं आंतरराष्ट्रीय केंद्र चालतं. ते उभारण्यात इस्लामिक डेव्हलपमेंट बँकेचा मोठा वाटा होता. दुबईला जाणाऱ्या आपल्या मुलांना मॉल आणि लेबर कॅम्प माहीत असतात. हे केंद्र कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरं उदाहरण जास्त दुखरं आहे. २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल आणि वळूंनाही लागू झाला. २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली, बाहेरच्या राज्यातून आणलेलं मांस बाळगण्याचा गुन्हा मात्र रद्द केला. त्यानंतर दहा वर्षं आपण हा विषय फक्त धर्म आणि मारहाण या दोनच भाषांत बोलतोय. मारहाणीबद्दल बोलायलाच हवं, त्यात वाद नाही. पण भाकड जनावर विकता आलं नाही तर दुष्काळी तालुक्यातल्या शेतकऱ्याचं काय होतं, चाऱ्याचा खर्च किती, दुधाच्या धंद्याचा हिशेब कसा बिघडतो, याचे आकडे घेऊन आपल्यातलं कोण समितीपुढे उभं राहिलं? २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदी थांबवली तेव्हा आठवडी बाजार ओस पडले आणि हिंदू शेतकरीही बोलू लागले. ती बोलण्याची वेळ होती. पशुधनाचं अर्थशास्त्र शिकलेली चार-सहा पोरं तेव्हा आपल्याकडे असती तर टीव्हीवरच्या आरडाओरड्याऐवजी एक नीट अहवाल पुढे आला असता.

झाड लावलं आणि त्याचं फळ पाखरानं खाल्लं तरी तो सदका, ही शिकवण आपण वृक्षारोपणाच्या फोटोखाली आवडीनं लिहितो. बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल-अव्वामनं शेतीवर एवढा मोठा ग्रंथ लिहिला की १८०२ मध्ये स्पेननं तो स्पॅनिशमध्ये आणून छापला. इतिहासाचा अभिमान बाळगायला माझी ना नाही, पण त्या पुस्तकात खत, कलम आणि पाणी यांचा अभ्यास आहे, आणि अभ्यासाची फी भरावी लागते.

तर पैशाकडे येऊ. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचं व्याज केंद्र सरकार 'पढो परदेश' योजनेतून भरत होतं. २०२२-२३ पासून ती बंद झाली. संशोधनासाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपही त्याच वर्षी बंद केली गेली. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची परदेशी शिष्यवृत्ती आहे, ही चांगली गोष्ट. पण जागा मोजक्या, आणि विद्यापीठ क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये हवं अशी अट. ही अट कृषीसाठी विचित्र ठरते. वाखेनिंगेन कृषी विषयात वर्षानुवर्षं जगात पहिलं येतं, ते एकूण यादीत कसंबसं बसतं. होहेनहाइमसारखं कृषीसाठी नावाजलेलं विद्यापीठ एकूण यादीत मागे असल्यामुळे बाद होतं. इथे विषयवार क्रमवारी धरावी, अशी मागणी आपल्या संघटनांनी मंत्रालयात लेखी करायला हवी. यात कुणाचं काही हिरावलं जात नाही.

व्याजाचा प्रश्न वेगळा. आपल्या कितीतरी घरांत शैक्षणिक कर्ज घेत नाहीत, कारण व्याज. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण मग कर्जे-हसना कुठे आहे? इस्लामिक डेव्हलपमेंट बँकेनं १९८० च्या दशकापासून सदस्य नसलेल्या देशांतल्या मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती चालवली आहे, भारतातल्याही. त्यातली कल्पना अशी की विद्यार्थ्यानं नोकरी लागल्यावर बिनव्याजी पैसे परत करायचे, तेही आपल्याच समाजाच्या ट्रस्टला, म्हणजे पुढचा विद्यार्थी शिकतो. हे आपल्या जमातींना, ट्रस्टना जमण्यासारखं आहे. आज होतं काय? एका हॉलमध्ये दोनशे मुलांना प्रत्येकी पाच हजारांचा चेक, स्टेजवर फोटो, बिर्याणी. म्हणजे दहा लाख वाटले आणि कुणाचंच वर्ष निघालं नाही. दहावीच्या मुलांना वह्यापुस्तकं द्याच. पण त्या दहा लाखांतले चार लाख बाजूला काढून दोन पोरांना पदव्युत्तर शिक्षणासाठी बिनव्याजी द्या, आणि वसुलीचा हिशेब मशिदीच्या फलकावर लावा.

दोन सावधगिरीच्या गोष्टीही सांगते, नाहीतर एजंट आणि मी यांत फरक राहणार नाही. पहिली: या क्षेत्रात सध्या मंदी आहे. अमेरिकेची यूएसएड १ जुलै २०२५ ला बंद झाली, आणि जगभरच्या कृषी प्रकल्पांतल्या नोकऱ्या त्याबरोबर गेल्या. 'यूएनमध्ये लागेन' हे स्वप्न धरून चाळीस लाख खर्च करू नका. फी भरून अमेरिकेत जाणं आपल्या बहुतेक घरांना परवडणारं नाही, आणि या विषयासाठी त्याची गरजही नाही. युरोपची इरास्मस मुंडस शिष्यवृत्ती फीसह महिन्याला १,४०० युरो देते. जर्मनीची डाड संस्था विकासविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी शिष्यवृत्ती देते, पण तिला किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो.

दुसरी गोष्ट त्यातूनच निघते. परदेशाची घाई करू नका. आधी इथे काम करा: शेतकरी उत्पादक कंपनीत, पाणलोटाच्या प्रकल्पात, बाएफसारख्या संस्थेत, दुधाच्या संघात. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं ग्रामीण केंद्र आहे, आणंदला इर्मा आहे, हैदराबादला मॅनेज आहे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही आपली चार कृषी विद्यापीठं आहेत. मुलीला एकटीला बाहेर पाठवायचं कसं, असं अम्मी-अब्बू विचारतात. प्रश्न त्यांचा आहे, हसण्यावारी नेऊ नका. दापोलीत होस्टेल आहे आणि अर्ध्या गोडदेवची मावशी-खाला हर्णैला असते, इथून सुरुवात करा.

सातबारा नसल्याचा फायदाही आहे, हे माझं मत. ज्याच्या घरात जमीन आहे तो बहुधा आपल्या पिकाचा भाव बघतो. ज्याच्या अब्बूंची भाजीची गाडी आहे त्यानं पहाटे तीनचा बाजार, सडलेला माल, उधारी आणि दुपारी चारनंतर पडणारा भाव हे सगळं पाहिलेलं असतं. पिकापासून ग्राहकापर्यंतचं नुकसान कुठे होतं हा या विषयातला मोठा प्रश्न आहे, आणि त्याची अर्धी उत्तरं गोडदेव नाक्यावरच्या गाड्यांवर आहेत. शिष्यवृत्तीच्या अर्जात 'हा विषय का निवडला' असा निबंध लिहावा लागतो. माझ्याकडे येणारी मुलं तिथे इंटरनेटवरून उतरवलेली वाक्यं लिहितात. त्याऐवजी अब्बूंच्या गाडीवर एका आठवड्यात किती टोमॅटो फेकले गेले ते मोजून लिहा.

माझं ट्रस्टवाल्यांकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर मेडिकल, इंजिनीअरिंग, लॉ, सीए, स्पर्धा परीक्षा असे चौकोन असतात, आणि शेवटी 'इतर'. रमजानच्या आधी नवे फॉर्म छापाल तेव्हा त्यात 'कृषी व ग्रामविकास' असा एक चौकोन वाढवा. पहिल्या वर्षी तो रिकामा येईल. तरीही दुसऱ्या वर्षी काढू नका.