पट घसरला की घसरविला?

१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात एक नवे गणित रूढ केले. सहावी ते आठवीच्या वर्गांचा पट वीसच्या खाली गेला, तर त्या वर्गांना शिक्षकाचे पदच मंजूर नाही. चाकूर तालुक्यातील एखाद्या वाडीच्या जिल्हा परिषद शाळेत या तीन वर्गांत मिळून अठरा मुले असली, तर ती अठरा मुले शासनाच्या हिशेबी शून्य ठरतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये असा आकडा कोठेही नाही. त्यात वर्गागणिक किमान एक शिक्षक सांगितला आहे. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी शिक्षक सांगितले आहेत. पस्तीस मुलांमागे एक हे प्रमाण मुलांच्या सोयीसाठी होते, पदे कापण्यासाठी नव्हे.

पट मोजणे गैर आहे, असे कोणी म्हणणार नाही. नांदेड जिल्ह्यातील तपासणीनंतर ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा लाखो विद्यार्थी केवळ हजेरीपटावरच नांदत असल्याचे उघड झाले. त्या खोट्या पटावर अनुदान लाटणारे संस्थाचालक होते. आज किंमत मोजतात ती वाडीवरची खरी मुले!

पट का घसरतो, हेही पाहिले पाहिजे. लातूर पॅटर्नची कीर्ती दाही दिशांना गेली, आणि ज्याला परवडते तो बाप आपल्या मुलाला पाचवीपासूनच शहरात नेऊन ठेवतो. मागे राहतात त्या मुली, दलित आणि भटक्या-विमुक्तांची मुले, शेतमजुरांची आणि ऊसतोडणीवर जाणाऱ्यांची लेकरे. संचमान्यतेसाठी पट धरला जातो तो ३० सप्टेंबरचा. कोयता गावाबाहेर पडतो तो दसरा-दिवाळीच्या सुमारास. म्हणजे ज्या महिन्यांत मूल शाळेतून खरोखर नाहीसे होते, त्या महिन्यांशी या मोजणीचा संबंधच नाही. हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ती वेळेवर सुरू होत नाहीत, ही तक्रार जुनीच.

आणि २०२३ मध्ये नियम बदलून आठवीला वार्षिक परीक्षा व अनुत्तीर्णांना त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद आली. गणिताचा शिक्षक द्यायचा नाही आणि गणितात नापास करायचे, हा कोणता न्याय? 'गुणवत्ता नाही, म्हणून पालक मुले काढतात' असे अधिकारी सांगतात. गुणवत्ता यावी कोठून, हे मात्र सांगत नाहीत. मुलगा तीन किलोमीटरवरच्या शाळेत सायकलने जाईलही. मुलीचे शिक्षण तेथेच थांबते आणि घरात लग्नाची बोलणी सुरू होतात.

जिल्हा परिषदेने निदान एवढे करावे: मुलींसाठी वाहनाची सोय झाल्याखेरीज एकही पद हलवू नये, वसतिगृहे कोयता निघण्यापूर्वी उघडावीत, आणि जानेवारीत पुन्हा एकदा हजेरी मोजून तो आकडा गावाच्या ग्रामसभेपुढे ठेवावा.