मुक्कामाचा परवाना कोण देणार?

जानेवारी 2024 मध्ये प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेल्या सुट्यांत कुमारपर्वताच्या वाटेवर हजारो माणसे एकाच वेळी लोटली. त्या गर्दीची छायाचित्रे पसरली आणि कर्नाटकच्या वनखात्याने ऑनलाईन बुकिंगची सोय नसलेल्या सगळ्या ट्रेकिंग वाटा बंद करून टाकल्या. पुढे ‘अरण्य विहार’ हे संकेतस्थळ आले, एका वाटेवर दिवसाला तीनशे माणसांची मर्यादा आली, एका बुकिंगवर दहा तिकिटांची अट आली. नोव्हेंबर 2025 मध्ये म्हैसूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यांत माणसे दगावली, तेव्हा बंडीपूर आणि नागरहोळेतल्या सफारीबरोबर तिथले ट्रेकिंगही थांबवण्यात आले. गर्दीला आळा हवा होता हे आम्हांला मान्य आहे, आणि माणसे मरत असताना वनमंत्र्यांनी काही दिवस जंगल बंद केले तर त्यालाही आमची हरकत नाही. हरकत आहे ती या सगळ्या आदेशांमागच्या ट्रेकच्या कल्पनेला. सकाळी नाक्यावर तिकीट दाखवायचे, एक शिखर चढायचे आणि अंधार पडायच्या आत त्याच नाक्यातून बाहेर पडायचे, एवढाच ट्रेक खात्याला ठाऊक आहे. एक वाट, एक तारीख, एक नाका. त्या चौकटीत रात्र कुठेच नाही.

खानापूर तालुक्याचा डोंगर या चौकटीत बसत नाही, हे बेळगाव-निपाणीकडच्या आयोजकांना सांगायला नको. आपल्याकडे एकटे उभे शिखर नाही. इथे आहे ते घाटमाथ्यावरचे दाट रान, त्यात अंतराअंतरावर असलेली वस्ती आणि वस्तीला वस्ती जोडणारी पायवाट. कणकुंबी, आमगाव, गवाळी, पास्टोली, कोंगळा, देगाव, तळेवाडी, हेम्माडगा, कृष्णापूर ही गावे भीमगड अभयारण्याच्या आत किंवा त्याला लागून आहेत. अभयारण्य जाहीर झाले डिसेंबर 2011 मध्ये. माणसांची ये-जा त्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे. देगावच्या परिसरात म्हादई उगम पावते, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत रॉटनचे दुर्मीळ वटवाघूळ आहे, रानात भीमगड किल्ला आहे. हा मुलूख समजून घ्यायचा तर या गावातून त्या गावात चालत जावे लागते आणि रात्र गावात काढावी लागते. त्याला जोडून पारगड आणि तिलारीकडे वळलात की महाराष्ट्राचे वनखाते, चोर्ला ओलांडून सुर्ल्याकडे उतरलात की गोव्याचे म्हादई अभयारण्य. तीन दिवसांच्या एका चालीसाठी तीन राज्यांच्या तीन टेबलांवर जायचे, आणि त्यातल्या एकाही टेबलावर ‘रात्री या घरी थांबणार’ असे लिहायला रकाना नाही. मग प्रामाणिक लीडर हा मार्गच सोडून देतो, आणि दुसरा कुणी ‘नातेवाइकांकडे आलो’ असे सांगून बॅच आत नेतो. खात्याची नोंदवही कोरी राहते आणि नेमक्या ज्या रात्री कोण कुठे आहे हे माहीत असायला हवे, त्याच रात्री ते कुणाला माहीत नसते.

आपल्यापैकी अनेक संस्था ऑक्टोबर-नोव्हेंबरात किंवा मार्च-एप्रिलमध्ये नेपाळात बॅच नेतात. त्यांनी लांगटांगचे खोरे खात्यासमोर उदाहरण म्हणून ठेवले पाहिजे. स्याफ्रुबेसीहून निघाल्यावर लामा हॉटेल, घोडातबेला, लांगटांग, क्यांजिन गुम्बा अशी लॉजची साखळी आहे आणि मधल्या टप्प्यांवरही चहा-निवाऱ्याची घरे आहेत. या साखळीचा खरा फायदा कोणता, हे उंचीवर बॅच सांभाळणाऱ्यालाच कळते. तीन हजार मीटरांच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला पाचशे मीटरांहून जास्त वाढवू नये, हा आपला सर्वांचा नियम. लामा हॉटेलपासून लांगटांगपर्यंत जवळपास हजार मीटरांचा उठाव आहे. बॅचमधल्या एकाचे डोके दुखू लागले तर लीडर तो उठाव घोडातबेल्याला मोडू शकतो, कारण तिथे छप्पर आहे, चूल आहे, अंथरूण आहे. ठरलेल्या कॅम्पसाइटवर तंबू, किचन आणि खेचरे पुढे पाठवली असतील तर हा निर्णय घेणे किती जड जाते, ते आपण जाणतो. एप्रिल 2015 च्या भूकंपात लांगटांग गाव हिम-दगडांच्या लोंढ्याखाली गाडले गेले, खोऱ्यात तीनशेहून अधिक माणसे गेली. गाव पुन्हा उभे राहिले त्यात लॉजचा वाटा मोठा आहे, कारण चालत येणारा माणूस पैसे खोऱ्यातच खर्च करून जातो. खोली स्वस्त, पण जेवण जिथे झोपाल तिथेच घ्यायचे, हा तिथला रिवाज त्यासाठीच आहे.

नेपाळने 1 एप्रिल 2023 पासून परदेशी ट्रेकरला परवानाधारक गाईड सक्तीचा केला आणि टिम्स या ट्रेकर-नोंदणी कार्डाचे दर ठरवून दिले. सार्क देशांतल्यांना एक हजार नेपाळी रुपये, इतरांना दोन हजार. खुंबूतल्या स्थानिक पालिकेने तो नियम मानला नाही, आणि त्यावर तिथेही वाद आहे. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते असे की, एकटे भटकणारे हरवतात, हा प्रश्न त्यांच्यासमोरही होता. त्यांनी वाट बंद केली नाही, वाटेवर माहितगार माणूस बसवला. आपल्याकडे पहिला उपाय म्हणजे कुलूप.

‘नेपाळ वेगळा देश, तिथला कायदा वेगळा’ हे उत्तर वन अधिकाऱ्यांकडून हमखास येते. म्हणून लडाखकडे पाहा. हेमिस राष्ट्रीय उद्यानात रुम्बक गाव आहे. त्या भागात हिमबिबट्या मेंढ्या मारायचा आणि लोक त्याच्यावर सूड उगवायचे. 2002 च्या सुमारास स्नो लेपर्ड कॉन्झर्वन्सीने गावकऱ्यांबरोबर घरगुती मुक्कामाची योजना सुरू केली. पाहुणे पाळीपाळीने घरांमध्ये वाटायचे, म्हणजे एकच घर श्रीमंत होत नाही. व्यवहार मुख्यतः बायकांच्या हाती. उत्पन्नाचा काही भाग गावाच्या निधीत. मेंढीचे नुकसान सोसायला कारण मिळाले, कारण आता पाहुणे त्याच जनावरासाठी येतात. हे राष्ट्रीय उद्यान आहे, म्हणजे अभयारण्याहून कडक दर्जाचे क्षेत्र, आणि आज तिथेही 1972 चा केंद्रीय वन्यजीव कायदाच लागू आहे. हेमिसमध्ये गावातली रात्र चालते आणि भीमगडात चालत नाही, याचे कारण कायद्यात शोधून सापडणार नाही.

कायदा उघडून वाचावा, ही आमची सर्व लीडर मंडळींना विनंती आहे. कलम 27 अभयारण्यात कुणाला जाता येते ते सांगते. कलम 28 मुख्य वन्यजीव संरक्षकाला परवाना देण्याचा अधिकार देते, आणि तो परवाना नुसता प्रवेशाचा नाही, प्रवेश करण्याचा किंवा वास्तव्य करण्याचा आहे. ज्या कामांसाठी तो देता येतो त्यांत पर्यटन आहे, आणि अभयारण्यात राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर व्यवहार करणे हेही आहे. देगावच्या घरात दोन वेळचे जेवण आणि अंथरूण पैसे देऊन घेणे हा कायदेशीर व्यवहार नाही तर काय आहे? कलम 33 अभयारण्यात व्यापारी लॉज आणि हॉटेल बांधायला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या पूर्वसंमतीशिवाय मनाई करते. ती मनाई योग्यच आहे, आम्ही तिच्या बाजूने आहोत. पण ती बांधकामाला आहे. उभ्या असलेल्या घरात पडवी सारवून पाहुण्याला जागा देणे हे बांधकाम नव्हे. म्हणजे मुक्कामाचा परवाना कायद्यात गेली पन्नास वर्षे लिहिलेला आहे. तो संकेतस्थळावर टाकण्याचे काम तेवढे कुणी केलेले नाही.

वन्यजीवप्रेमींचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. भीमगड हा काळी व्याघ्र प्रकल्प आणि म्हादई यांच्यामधला दुवा आहे, वाघ या पट्ट्यातून फिरतो, खानापुरात अस्वलाच्या हल्ल्यांत शेतकरी जखमी होतात. अशा रानात माणसे वाढवायची का? उत्तर आकड्यांच्या मांडणीत आहे. तीनशेची मर्यादा दिवसभराच्या सहलीसाठी आहे, आणि त्या सहलीचे लोक गाड्यांतून येतात, धबधब्यावर गर्दी करतात, गावात एक रुपयाही न देता प्लास्टिक टाकून जातात. पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी घालण्याची वेळ त्यांच्यामुळेच येते. आम्ही मागतो आहोत ती आठ-दहा जणांची बॅच, सोबत त्याच गावचा गाईड, सूर्यास्तानंतर घराबाहेर पाऊल नाही, पावसाळ्यात आणि प्रजननाच्या काळात वाट पूर्ण बंद. अन्नपूर्णा क्षेत्रात 1986 पासून असाच विचार झाला. तिथे लॉज समित्यांनी दर ठरवले, अन्नपूर्णा बेस कॅम्पच्या वाटेवर ट्रेकरसाठी लाकूड जाळणे थांबवून रॉकेल आणले. चुलीचा प्रश्न आपल्याकडेही येणार, आणि पहिल्या दिवसापासून गॅसची अट परवान्यात असली पाहिजे. म्हादईत जानेवारी 2020 मध्ये वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले. गुरे गमावलेल्या माणसाला वाघ जिवंत राहण्यात काहीच मिळत नसेल, तर कुठलाही नाका त्या वाघाला वाचवू शकत नाही.

दुसरा आक्षेप पुनर्वसनाचा. तळेवाडीच्या कुटुंबांनी प्रत्येकी पंधरा लाखांच्या मोबदल्यावर बाहेर येण्याचे मान्य केले आणि मे 2025 मध्ये पहिला हप्ता वाटला गेला. मग गावे उठत असताना तिथे मुक्काम कशाला, असे विचारले जाते. ज्यांना जायचे आहे त्यांनी जावे, रस्ता नाही, वीज नाही, दवाखाना नाही अशा ठिकाणी कुणाला राहा म्हणून सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही. आमगावची आजारी बाई स्ट्रेचरवर घालून जंगलातून चालत आणावी लागली, ती गोष्ट 2024 च्या पावसाळ्यातलीच आहे. परंतु योजना स्वेच्छेची असेल तर राहण्याचा पर्यायही खरा असला पाहिजे, आणि कमाईचे सगळे मार्ग बंद करून मागितलेली संमती आम्ही स्वेच्छा मानत नाही.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा. जून 2024 मध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातल्या ट्रेकर्सचा गट हिमवादळात सापडला, नऊ जण गेले. त्या गटात अनुभवी माणसे होती, स्थानिक गाईडही होते. चार हजार मीटरांच्या वर, दोन कॅम्पांच्या मध्ये वादळाने गाठले तेव्हा जवळ छप्पर नव्हते. या घटनेनंतर परवाने आणखी कडक करा असा सूर लागला. आम्ही उलटा निष्कर्ष काढतो. परवाना वाटेच्या सुरुवातीला तपासला जातो, संकट वाटेच्या मध्ये येते. मध्ये निवारा आणि माणूस असेल अशा वाटा वाढवणे, हीच सुरक्षा. भीमगडची उंची हिमालयाची नाही हे खरे, पण सर्पदंश, अस्वल आणि एकाएकी चढलेला ओढा यांना उंची लागत नाही.

आता आपल्या मंडळींविषयी, कारण सगळा दोष खात्यावर टाकणे सोयीचे असले तरी बरोबर नाही. बेळगावहून आचारी, तांदूळ, भांडी आणि तंबू टेम्पोत भरून नेणाऱ्या संस्था आपल्यात आहेत. गावाच्या वेशीवर तळ ठोकायचा, गावची विहीर वापरायची, गावाकडून दूधसुद्धा घ्यायचे नाही आणि बॅनर लावून ‘पर्यावरण मोहीम’ म्हणायचे, हे थांबले पाहिजे. लांगटांगच्या लॉजमालकिणीला बिनबोभाट पैसे मोजणारा आपला सभासद पास्टोलीत मात्र भाकरीचे पैसे द्यायला खळखळ करतो. गावचा तरुण गाईड म्हणून घ्यायचा तर त्याला प्रथमोपचाराचे शिक्षण हवे, आणि ते त्याला समजणाऱ्या मराठीत हवे. वनखात्याच्या कन्नड पुस्तिकेची वाट बघत बसण्यापेक्षा आपल्या संस्थांतल्या डॉक्टर सभासदांनी हे काम सुरू करावे. बुकिंग टाळून रात्री बॅच आत नेणाऱ्यांची बाजू हे मासिक घेणार नाही. त्यांच्या एका अपघाताने बाकी सगळ्यांच्या वाटेवर कुलूप पडेल.

तेव्हा, मित्रहो, उठा आणि कागद हाती घ्या. प्रत्येक संस्थेने कलम 28 चा उल्लेख करून बेळगावच्या उपवनसंरक्षकांमार्फत मुख्य वन्यजीव संरक्षकांकडे लेखी अर्ज करावा. अर्जात मार्ग, तारखा, बॅचची संख्या, यजमान घराचे संमतिपत्र, गावच्या गाईडचे नाव आणि गॅसची हमी द्यावी. नकार आला तर तो कारणांसह लेखी मागावा, उत्तरच आले नाही तर माहितीच्या अधिकारात विचारावे. निपाणीच्या संस्थांनी हाच अर्ज पारगड-तिलारी जोडून कोल्हापूरच्या वनखात्याकडेही पाठवावा, म्हणजे दोन राज्यांना एकाच वाटेविषयी एकमेकांशी बोलावे लागेल. पावसाळ्यात वाटा बंद असतात, तेच चार महिने या कामाला पुरेसे आहेत. अर्जाची पोचपावती मिळाली की तिची प्रत आमच्याकडे पाठवा. मिळालेली प्रत्येक प्रत आम्ही दसऱ्याच्या अंकात छापू.