मडके कच्चे असतानाच



खानदेशातून येऊन कामरेज येथे स्थायिक झालेल्या एका कुटुंबप्रमुखाने आम्हांस एक प्रश्न विचारला आहे. त्यांचा मुलगा सुरतेस संगणकशास्त्र शिकतो. त्याच्या सोबत्यांनी घरोघरी दूध घालणाऱ्यांचा हिशेब ठेवणारे एक संकेतस्थळ तयार करावयास घेतले आहे. ते अद्याप अपुरे आहे. तरी घरातील मंडळींनी महिनाभर ते वापरून पाहावे, अशी त्यांची विनंती आहे. पिता विचारतो, ‘अपुऱ्या वस्तूवर आपण वेळ का दवडावा? आणि घरची माहिती तिच्या हवाली करावी काय?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत, व आज ते घरोघर उभे राहत असल्यामुळे येथे त्यांचा विचार करीत आहोत.

अशा अपुऱ्या अवस्थेतील संकेतस्थळास किंवा ॲपला ‘बीटा’ असे म्हणतात. ग्रीक वर्णमालेतील हे दुसरे अक्षर. करणारे स्वतःशीच तपासतात ती पहिली, म्हणजे ‘अल्फा’ चाचणी. बाहेरच्या माणसांच्या हाती देऊन तपासतात ती दुसरी. ही अवस्था कधी आठवडाभर टिकते, तर कधी वर्षानुवर्षे. गूगलची जीमेल ही टपालसेवा १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली, आणि तिच्या नावापुढील ‘बीटा’ हा शब्द जुलै २००९ मध्ये निघाला. तोवर कोट्यवधी लोक ती वापरीत होते.

बाहेरच्या माणसांची गरज का पडावी? कुंभाराचे उदाहरण घ्या. मडके चाकावर ओले असेतो वाकडा काठ एका बोटाने सरळ होतो. तेच आव्यातून भाजून निघाले की दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही. फुटके म्हणून टाकावे लागते, किंवा तसेच गळके वापरावे लागते. संगणकावरील वस्तू पक्की झाल्यावरही दुरुस्त करता येते, हे खरे. परंतु तोवर त्या दोषाची किंमत कोणी तरी मोजलेली असते, आणि बहुधा तो मनुष्य दुबळा असतो.

याचे आपण सर्वांनी पाहिलेले उदाहरण म्हणजे कोविन. कोरोनाची लस देण्यापूर्वी सरकारने या यंत्रणेची रंगीत तालीम घेतली. २८ व २९ डिसेंबर २०२० रोजी आंध्र प्रदेश, आसाम, पंजाब आणि आपले गुजरात या चार राज्यांत ती झाली. गुजरातेत राजकोट व गांधीनगर हे जिल्हे निवडले होते. २ जानेवारी २०२१ रोजी महाराष्ट्रात पुणे, नागपूर, जालना व नंदुरबार येथे तालीम झाली, आणि ८ जानेवारीस देशातील सातशेहून अधिक जिल्ह्यांत. लस कोणासही टोचली नाही. नोंदणी, निरोप, ओळखपत्राची तपासणी, टोचल्याची नोंद, असे सारे टप्पे मात्र यथाक्रम पार पाडले. प्रत्येक केंद्रावर पंचवीस माणसे लाभार्थी म्हणून उभी केली होती, व ती आरोग्यखात्यातील कर्मचारी होती.

ही तालीम उपयोगी ठरली, यात शंका नाही. तरीही १६ जानेवारीस प्रत्यक्ष लसीकरण सुरू झाले त्या दिवशी महाराष्ट्रात यंत्रणा अडखळली व कागदावर नोंदी करण्यास मुभा द्यावी लागली. खरी परीक्षा पुढे झाली. १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांसाठी लस खुली झाली आणि पंचेचाळीस वर्षांखालील लोकांस आगाऊ ऑनलाइन नोंदणी सक्तीची झाली. वेळ ठरवूनही जे केंद्रावर पोहोचले नव्हते, त्यांपैकी काहींना ‘आपणांस लस दिली आहे’ असे निरोप आले! लोकांनी तक्रारी केल्या, आणि ८ मेपासून चार आकडी सुरक्षा-क्रमांकाची सोय झाली. लाभार्थ्याने तो सांगितल्यानंतरच टोचल्याची नोंद व्हावयाची. २४ मे रोजी सरकारी केंद्रांवर या वयाच्या लोकांची जागच्या जागी नोंदणी करण्यास परवानगी मिळाली. ज्यांच्यापाशी इंटरनेट नाही त्यांनी काय करावे, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानेही त्याच महिनाअखेरच्या आदेशात केला. मराठी व गुजराती भाषांतून हे संकेतस्थळ जूनमध्ये उपलब्ध झाले. एका मोबाइलवर चारच माणसांची नोंद होत असे. मोठ्या कुटुंबांसाठी ती मर्यादा सहावर गेली, ती २१ जानेवारी २०२२ रोजी.

वाचकहो, यांतील एकही दोष गूढ नव्हता. एका मोबाइलवर सात माणसांचे घर चालते, हे खेड्यातील कोणतीही गृहिणी पहिल्याच दिवशी सांगू शकली असती. इंग्रजी न वाचणारी आजी पहिल्याच पानावर थबकली असती. परंतु तालमीतील त्या पंचविसांत ती गृहिणी नव्हती व ती आजीही नव्हती. ज्यांना घेऊन वस्तू तपासली जाते, त्यांना ती सोयीची होते. जे तपासणीत नसतात, ते पुढे रांगेत मागे राहतात. म्हणून कामरेजच्या त्या पित्यास आमचे पहिले उत्तर असे की, हा वेळ दवडणे नव्हे. हा शेजारधर्म आहे.

आता तो कसा पाळावा, ते सांगतो. प्रथम, वस्तू घरातील सर्वांत नवख्या माणसाच्या हाती द्यावी व आपण गप्प बसावे. ‘अहो, ते नव्हे, हे दाबा’ असे सांगण्याचा मोह होतो; पण जेथे आजीचे बोट थांबते तेथेच दोष असतो. जुना मोबाइल, मंद इंटरनेट, शेतातील ऊन यांतही ती चालवून पाहावी. आपली नावे जशी आहेत तशीच घालावीत. डिसोझा, डिसिल्वा, डिमेलो या आडनावांत इंग्रजीत ‘डि’च्या पुढे वरच्या बाजूस जे स्वल्पविरामासारखे चिन्ह येते, ते पुष्कळ संकेतस्थळांस चालत नाही. ज्याने केवळ पाटील आणि पटेल ही नावे घालून तपासले, त्यास हे कसे कळावे?

दुसरे, तक्रार नेमकी करावी. ‘चालत नाही’ हे दोन शब्द करणाऱ्याच्या काहीच उपयोगाचे नसतात. कोणता मोबाइल होता, काय दाबले, काय व्हावे अशी अपेक्षा होती व काय झाले, या चार गोष्टी लिहाव्यात आणि पडद्याचे चित्र जोडावे. ‘मंगळवारी दीड लिटर दूध लिहिले, महिन्याच्या बेरजेत एकच लिटर धरले’ असे लिहिले म्हणजे दोष तासाभरातही सापडू शकतो. चांगले असेल तेही सांगावे. रेल्वेच्या तिकिटांचे नवे संकेतस्थळ मे २०१८ मध्ये असेच चाचणीसाठी खुले झाले, तेव्हा जुनेही सोबत चालू ठेवले होते. नव्यात अक्षरे मोठी करण्याची सोय होती. अशी सोय टिकावी असे वाटत असेल, तर तसे कळवणेही आपलेच काम.

तिसरे, खोटी स्तुती करू नये. गूगलच्या नियमांनुसार वैयक्तिक नव्या खात्यावरून ॲप प्रसिद्ध करणाऱ्यास आधी काही माणसांकडून सलग चौदा दिवस चाचणी करवून घ्यावी लागते. २०२३ मध्ये ती संख्या वीस होती, डिसेंबर २०२४ पासून बारा आहे. मित्राची बारा नावे भरावीत म्हणून ॲप उतरवून घ्यावयाचे व पुन्हा उघडावयाचेही नाही, ही मैत्री नव्हे. त्याचे दोष त्यास आज घरच्या माणसाने सांगितले नाहीत, तर उद्या परका मनुष्य चारचौघांत सांगेल.

पित्याचा दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा. तेथे आमचे उत्तर तितकेच स्पष्ट आहे. अपुऱ्या वस्तूत आधार क्रमांक, बँकेचे खाते किंवा ओळखपत्राचे चित्र घालू नये. चाचणीसाठी कल्पित नावे व आकडे पुरतात. ओटीपी व पिन कोणासही सांगू नये. व्हॉट्सॲपवर आलेली अनोळखी फाइल ‘नवी आवृत्ती’ म्हणून मोबाइलमध्ये घेऊ नये. अनेकांची खाती याच मार्गाने रिकामी झाली आहेत. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. आणि चाचणी संपेपर्यंत दुधाची वही बंद करू नये. वही व यंत्र यांचा हिशेब महिनाअखेर ताडून पाहावा; फरक निघाला तर तोच आपला सर्वांत मोलाचा अभिप्राय.

आपल्या गावांतून आता अशी मुले निघत आहेत, की जी नुसती दुसऱ्यांची यंत्रे न वापरता स्वतःची घडवू पाहतात. त्यांना वडीलधाऱ्यांनी पैसा द्यावा असे आम्ही म्हणत नाही; रोज पंधरा मिनिटे व एक प्रामाणिक मत, एवढेच द्यावे. येत्या रविवारी दुपारी घरातील एखाद्या मुलाने आपले काम पुढे केले, तर मोबाइल प्रथम आजीच्या हाती द्या, आणि ती काय म्हणते ते त्यास लिहून घेऊ द्या.