मापाचे पासबुक

शिंप्याच्या वहीत आपले सारे अंग आठ-दहा आकड्यांत मावते. छाती, कंबर, बाही, उंची. आणि समासात 'डावा खांदा उतरता' अशी खास आपल्यापुरती एखादी नोंद. आता ही वही यंत्राने हाती घेतली आहे. अंगाबरोबर बसणारे कपडे घालून क्षणभर स्थिर उभे राहायचे. टेप न लावता शंभराहून अधिक मापे तयार!

हे यंत्र अंगाची ऊब मोजते, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. यातील एका प्रकारात डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचे हजारो ठिपके अंगावर टाकले जातात. बाजूचा कॅमेरा ते तिरक्या कोनातून पाहतो. पुढे आलेल्या पोटावरचा ठिपका आपल्या जागेवरून जास्त सरकलेला दिसतो, आत गेलेल्या भागावरचा कमी. त्या सरकण्यावरून, शाळेतल्या त्रिकोणाच्या भूमितीने, अंतर निघते आणि अंतरांतून आकार. २०१० साली व्हिडिओ खेळांसाठी आलेल्या 'कायनेक्ट' कॅमेऱ्यात हीच युक्ती होती.

अशा मोजणीची आपल्याला गरज आहे. आपल्याकडे तयार कपड्यांसाठी वर्षानुवर्षे परदेशी मापांचेच तक्ते थोडी काटछाट करून वापरले गेले. मग कमरेला बसणारी पँट पायांत लोळते आणि ग्राहक दोष देतो तो स्वतःच्या अंगाला. म्हणून २०१८ साली वस्त्रोद्योग मंत्रालय आणि 'निफ्ट' यांनी मुंबईसह सहा शहरांतील १५ ते ६५ वयाच्या २५ हजार स्त्री-पुरुषांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्याची योजना जाहीर केली.

परंतु माप कोण घेतो आणि कशासाठी, हेही पाहावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हर्बर्ट रिस्ली या इंग्रज अधिकाऱ्याने बंगालमध्ये लोकांच्या नाकांची लांबी-रुंदी मोजवली आणि त्यावर जातींची उतरंड रचली. मोजपट्टी सरळ होती. हेतू वाकडा होता.

बँकेतल्या नोकरीत एक गोष्ट अंगी भिनली. खातेवही बँकेची असली, तरी ठेव खातेदाराची असते. म्हणून त्याच्या हाती पासबुक द्यायचे आणि त्याच्या संमतीवाचून त्याचे खाते तिसऱ्याला दाखवायचे नाही. शरीराच्या मापांनाही हाच न्याय हवा. शर्टासाठी दिलेला पोटाचा घेर उद्या विम्याच्या हप्त्याच्या हिशेबात शिरता कामा नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्यात संमती आणि हेतू यांची अट आहे. तेव्हा यंत्रापुढे उभे राहण्याआधी विचारावे : ही मापे कशासाठी, कोणाला दाखवणार, पुसणार कधी? यात संकोच कसला? ठेव आपली आहे.