फॉर्म तुमचा, फॉन्ट कुणाचा?

कॉलेज फेस्टिव्हलच्या नोंदणीचा फॉर्म बनवायचा म्हटलं, की आपण काय करतो? एक रेडिमेड टेम्प्लेट उचलतो, छानसा मराठी फॉन्ट लावतो आणि लिंक ग्रुपवर टाकून मोकळे होतो. मग कुणीतरी स्क्रीनशॉट पाठवतं. वर 'तुमचे नाव' झकास अक्षरात, खालच्या चौकटीत टाइप केलेलं नाव भलत्याच फॉन्टमध्ये आणि 'सबमिट'चं बटण तिसरंच काहीतरी. आपलं उत्तर ठरलेलं, 'तुझा फोन जुना असेल रे!'

फोनला कशाला दोष? लिहिण्याच्या चौकटी, ड्रॉपडाउन आणि बटणं यांना ब्राउझर स्वतःचा फॉन्ट लावतो. पानाला दिलेला फॉन्ट त्यांच्यापर्यंत आपोआप पोचतच नाही. इनपुट, टेक्स्टएरिया, सिलेक्ट आणि बटन या चौघांसाठी सीएसएसमध्ये 'फॉन्ट : इनहेरिट' एवढं लिहिलं, की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं मराठीचं. टेम्प्लेटसोबत आलेल्या फॉन्टमध्ये अनेकदा देवनागरी अक्षरंच नसतात. मग ब्राउझर त्या त्या मशीनवर असेल तो फॉन्ट घेतो. विंडोजवर बहुधा निर्मला यूआय, अँड्रॉइडवर नोटो, आयफोनवर कोहिनूर. म्हणून एकच फॉर्म तीन मित्रांकडे तीन तऱ्हांचा दिसतो. यावरचा उपाय फुकट आहे. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' घ्या. त्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत. तो वेबफॉन्ट म्हणून जोडा. 'लेटर-स्पेसिंग' वाढवलेलं असेल तर काढा, नाहीतर शिरोरेखा तुटते. चौकटीची उंचीही जरा वाढवा, नाहीतर मात्रा आणि उकार कापले जातात.

पण खरा प्रश्न सीएसएसचा नाही, सवयीचा आहे. आपण फॉर्म तपासतो तो इंग्रजीत 'टेस्ट' नाहीतर 'एबीसी' टाइप करून. ते कुठेही नीटच दिसणार! त्याऐवजी ज्ञानेश्वरी, श्रद्धा, कुऱ्हाडे अशी नावं टाकून बघा. आणि तेही आपल्या लॅपटॉपवर नाही, तर ग्रुपमधल्या सगळ्यात स्वस्त फोनवर.

कारण आपलंच नाव वेडंवाकडं दिसलं, की भरणारा ते पुसतो आणि गुपचूप इंग्रजीत लिहितो. मग आपणच म्हणतो, 'मराठीत कुणी भरतच नाही, कशाला ठेवायचा पर्याय?' तो पर्याय काढून टाकण्याआधी ती एक ओळ तरी लिहून बघा.