विमान अपघाताचा तपास मंत्रालयाच्या ताब्यात का?

कोल्हापूर विमानतळाच्या विस्तारीकरणात आमच्या गडमुडशिंगीची जमीन जाते, म्हणून विमान सुरक्षेचा प्रश्न आमचाही आहे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले; जमिनीवरची माणसेही मेली. नियम लावणारे डीजीसीए आणि अपघाताचा तपास करणारा ब्युरो, दोन्ही नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखालीच. मग डीजीसीएची चूक कोण दाखवणार? रेल्वे सुरक्षा आयोग मात्र रेल्वे मंत्रालयापासून वेगळा, याच विमान वाहतूक मंत्रालयाखाली ठेवलेला आहे. रेल्वेला जो न्याय, तो विमानाला का नाही? निवडणूक आयोग सरकारच्या हाताबाहेर असावा, हे बाबासाहेबांनी संविधान सभेत ठामपणे मांडले होते. तेच तत्त्व इथे लावा. तपास ब्युरो मंत्रालयाबाहेर काढा, थेट संसदेला उत्तरदायी करा. जयभीम!