कोळसा शोधायला जंगलात काढलेला ‘तात्पुरता’ रस्ता किती तात्पुरता असतो?

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतली वीज एकदम गेली. लोकल रुळांवर उभ्या राहिल्या, लिफ्ट अडकल्या, हॉस्पिटलं जनरेटरवर गेली. त्या दिवशी बातम्यांमध्ये एक नाव सारखं येत होतं, ते म्हणजे कळवा.

झालं असं होतं की ४०० केव्हीच्या कळवा-पडघा लाइनच्या एका सर्किटची दुरुस्ती सुरू होती. भार दुसऱ्या सर्किटवर टाकला होता आणि तेही बिघडलं. कळव्याचं सबस्टेशन मुंबईसाठी किती महत्त्वाचं आहे, हे अनेकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पण कळव्याला पोचलेली वायर मागे मागे नेली तर ती पडघ्याला थांबत नाही. पडघ्यापासून थेट चंद्रपूरपर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची, १५०० मेगावॅट क्षमतेची हाय व्होल्टेज डीसी लाइन आहे. ती १९९९ मध्ये सुरू झाली. तिच्या दुसऱ्या टोकाला २९२० मेगावॅटचं चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्र आहे आणि आजूबाजूला कोळशाच्या खाणी आणि जंगल. ग्रिडमध्ये सगळी वीज एकत्र होते, त्यामुळे कळव्यातला कुठला पंखा कुठल्या कोळशावर फिरतो हे सांगता येत नाही. पण कोळशाचा शोध जंगलात कसा घेतला जातो, हा प्रश्न फक्त चंद्रपूरकरांचा नाही, एवढं नक्की.

खाणीच्या आधी काय होतं?

खाण म्हटलं की डोळ्यांसमोर मोठा खड्डा आणि डंपर येतात. पण त्याच्या कितीतरी आधी जमिनीखाली कोळसा आहे का, किती खोल आहे, थर किती जाड आहे, हे तपासावं लागतं. त्यासाठी बोअर मारून खालच्या खडकाचा दंडगोल तुकडा, म्हणजे ‘कोअर’, बाहेर काढतात आणि तपासतात. भारतात हे काम प्रामुख्याने जीएसआय, कोल इंडियाची सीएमपीडीआय आणि नागपूरची एमईसीएल या सरकारी संस्था करतात. आता खासगी कंपन्याही यात आहेत.

या शोधाचे टप्पे असतात. सुरुवातीला बोअर लांब लांब असतात. कोळसा सापडण्याची शक्यता वाढली की ते जवळ जवळ येतात.

बोअरचं भोक असतं काही इंचांचं. पण ते मारणारं मशीन ट्रकवर बसून येतं. त्याच्यामागे पाण्याचा टँकर, पाइप, डिझेल, कोअरच्या पेट्या आणि माणसं. एवढं सगळं पायवाटेने जात नाही. मग जेसीबीने झुडपं बाजूला करून रस्ता काढला जातो. कागदावर त्याचं नाव ‘तात्पुरता रस्ता’. बोअर जितके जास्त, तितके हे रस्ते जास्त.

यासाठी परवानगी लागत नाही का?

इथेच खरी गोम आहे.

१९८० च्या वन (संवर्धन) कायद्यानुसार जंगलाची जमीन इतर कामासाठी वापरायची असेल तर केंद्र सरकारची आधी मंजुरी लागते. मग शोधकाम हे ‘इतर काम’ धरायचं की नाही? जुनी मार्गदर्शक तत्त्वं सांगायची की झाडं तोडली जात नसतील, फक्त झुडपं आणि फांद्या छाटल्या जात असतील, तर सर्वेक्षणाला हा कायदा लागू नाही. बोअरसाठीही मर्यादा होती. १०० चौरस किलोमीटरमध्ये ४ इंच व्यासाचे जास्तीत जास्त १० बोअर, तेही झाडं न तोडता. पुढे ही मर्यादा सैल होत गेली.

२०२३ मध्ये संसदेने कायदाच बदलला. नव्या तरतुदीनुसार पाहणी, पूर्वेक्षण, अन्वेषण, भूकंपीय सर्वेक्षण अशी कामं केंद्राने आदेशाने ठरवलेल्या अटींवर ‘वनेतर काम’ मानली जाणार नाहीत. १ डिसेंबर २०२३ पासून हा बदल लागू झाला.

दुसरी चाळणी पर्यावरण मंजुरीची. २००६ च्या ईआयए अधिसूचनेत कोळसा खाणीला पर्यावरण आघात अहवाल आणि जनसुनावणी आहे. खनिजाच्या शोधाला मात्र सूट आहे.

तिसरी चाळणी ग्रामसभेची. वनहक्क कायद्याच्या पार्श्वभूमीवर केंद्राने २००९ मध्ये परिपत्रक काढून वनजमीन वळती करण्याच्या प्रस्तावाला ग्रामसभेची संमती जोडली. पण शोधकामात जमीन वळती होतच नाही असं धरलं, तर तो प्रस्तावही नाही आणि संमतीचा प्रश्नही नाही.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानांमध्ये वन्यजीव संरक्षण कायदा लागू असल्याने तिथे वेगळी परवानगी लागते. म्हणजे कळव्याजवळच्या ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात बोअर मारायचा असेल तर आधी विचारावं लागतं. पण चंद्रपूरमधलं जे जंगल अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे, त्याला हे कवच नाही. वाघ मात्र हद्द बघून चालत नाही.

सरकारचं म्हणणं काय?

सरकारची बाजूही समजून घ्यायला हवी. शोध म्हणजे खाण नाही. बोअरची जागा छोटी असते, काम काही आठवड्यांत संपतं आणि बऱ्याच ठिकाणी पुढे खाण होतही नाही. जमिनीखाली काय आहे हे माहीतच नसेल, तर ते काढायचं की सोडायचं हे ठरवणार कसं? एका बोअरपुरतं हे बरोबर आहे.

अडचण येते ती बेरजेत. एक रस्ता किरकोळ वाटतो, पण शंभर चौरस किलोमीटरमध्ये असे अनेक रस्ते झाले की जंगलाचे तुकडे पडतात. जड वाहनांखाली माती दबते, पाऊस त्याच चाकोऱ्यांतून वाहतो आणि धूप सुरू होते. उघड्या जागेत घाणेरीसारखी झुडपं घुसतात. मशीन निघून गेलं तरी वाट उरते आणि त्या वाटेने लाकूड नेणारा ट्रॅक्टर येतो, शिकारी येतो. ‘तात्पुरता’ हा शब्द कंपनी रस्ता किती दिवस वापरणार हे सांगतो. जंगल तो किती वर्षं सोसणार, हे त्यातून कळत नाही.

बंदरचा धडा

जून २०२० मध्ये केंद्राने व्यावसायिक लिलावासाठी ४१ कोळसा ब्लॉक जाहीर केले. त्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर तालुक्यातला ‘बंदर’ हा ब्लॉकही होता. तो ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाजवळ, वाघांच्या भ्रमणमार्गात येतो. राज्याचे तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्राला पत्र लिहून विरोध केला आणि बंदर यादीतून वगळण्यात आला. त्याआधी २००९ मध्ये ताडोबाजवळच्याच लोहारा खाणीच्या प्रस्तावाबाबतही केंद्राला मागे यावं लागलं होतं.

दोन्ही वेळा जंगल वाचलं, पण प्रश्न विचारला गेला तो उशिरा. ब्लॉक लिलावाच्या यादीत येतो, तोवर जमिनीखालची काही ना काही माहिती हाती आलेली असते.

बाहेर काय होतं?

अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये नेमक्या अशाच रस्त्यांवरून खटला झाला. सनसेट नावाच्या रस्ते नसलेल्या सरकारी जंगलात कोळसा शोधण्यासाठी सुमारे १० किलोमीटरचे तात्पुरते रस्ते काढायचे होते. जून २०१४ मध्ये फेडरल कोर्टाने ते रोखले. सरकारी यंत्रणांनी कोळशाचे आर्थिक फायदे मोजले, पण हवामानाचं नुकसान मोजलं नाही, हा त्यातला मोठा आक्षेप होता.

तिथेही गोष्ट गोड शेवटाची नाही. पुढे या भागासाठी रस्त्यांची सवलत परत आणली गेली. मार्च २०२० मध्ये अपील कोर्टाने ती रद्द करण्याचा निकाल दिला, तरी जूनमध्ये कंपनीने बुलडोझर लावून रस्ता काढला. निकाल हातात होता आणि झाडंही गेली होती.

मग करता काय येईल?

प्रत्येक बोअरसाठी जनसुनावणी घ्या, असं कुणी म्हणत नाही. पण काही गोष्टी अवघड नाहीत. रस्त्यांचा नकाशा काम सुरू होण्याआधी जाहीर करता येईल. वन विभागाच्या जुन्या वाटा आधी वापरता येतील. जिथे शक्य आहे तिथे सुट्या भागांत नेता येणारी हलकी मशीन लावता येतील. गावाला आधी सांगता येईल. काम संपल्यावर वाट चर खणून बंद करायची आणि एका पावसाळ्यानंतर जाऊन बघायचं, अशी अट घालता येईल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकेका अर्जाऐवजी पूर्ण ब्लॉकमधल्या रस्त्यांची बेरीज आधी करता येईल.

वनजमीन वळती करण्याचे प्रस्ताव केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर कुणालाही बघता येतात. शोधकामाच्या रस्त्यांचे नकाशे आणि ते बंद केल्यानंतरचे फोटोही तिथे टाकले, तर कळव्यातला माणूस मोबाइलवर बघू शकेल की त्याच्या विजेसाठी चंद्रपूरच्या जंगलात कुठे रस्ता निघाला आणि तो खरंच बंद झाला का.